कारखान्यात हृदयतपासणी भरवायची आहे? तारखेआधी या गोष्टी ठरवा

चाकण, रांजणगाव, अंबड, वाळूज, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या. सप्टेंबर सरत आला की २९ तारखेच्या जागतिक हृदयदिनाचा फलक गेटवर लागतो. कँटीनमध्ये दोन टेबलं मांडली जातात, एक नर्स येते आणि शंभर माणसांची रांग लागते. बीपी, बोटातून साखर, घाईघाईत एक ईसीजी, हातात कागद, आणि माणूस परत लाईनवर. दोन महिन्यांनी विचारावं, की ज्यांचं वरचं बीपी १७० निघालं होतं त्यांचं पुढे काय झालं, तर कुणालाच सांगता येत नाही. या प्रश्नाचं उत्तर आधीपासून हाताशी असेल तरच शिबिराचा खर्च सार्थकी लागतो. शे-दोनशे ते पाचशे माणसांच्या कारखान्यात ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच येतं, अशा एचआर, सेफ्टी आणि ओएचसीच्या (कारखान्यातल्या आरोग्य केंद्राच्या) लोकांसाठी हा लेख आहे.

आपल्याकडे हे काम निकडीचं का, तेही थोडक्यात. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं मध्यक वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत ते जवळपास ५९ होतं. म्हणजे अजून नोकरीत असलेला, मुलांची शिक्षणं चालू असलेला माणूस. आणि अटॅकमागची बहुतेक कारणं, म्हणजे तंबाखू, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, ही शॉप फ्लोअरजवळच्या एका खोलीत मोजता येतात.

सुरुवात शेवटाकडून

तारीख, फलक, नाश्ता हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी तपासणीनंतरचे तीन महिने कागदावर मांडा. २४० माणसं आहेत आणि त्यातली १२० चाळिशीच्या पुढची आहेत असं धरू. त्या १२० जणांत दर तिघांमागे एकाचं बीपी १४०/९० च्या वर निघेल असं धरून नियोजन करा. काहींची साखर वाढलेली असेल, काहींचं दोन्ही. थोडक्यात, चाळीस-पन्नास माणसांना डॉक्टर, गोळ्या आणि पुन्हा मोजणी लागणार. ती कुठे मिळेल?

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे ते बहुधा ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असतात. तुमच्या हद्दीतला ईएसआय दवाखाना कुठे आहे, कोणत्या वेळेत उघडा असतो आणि गोळ्या किती दिवसांच्या एकदम देतात, हे तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. कंत्राटी कामगारांचे विमा क्रमांक ठेकेदाराकडून आधीच मागून घ्या. क्रमांक आहे पण कार्ड काढलेलं नाही, किंवा घरच्यांची नावंच जोडलेली नाहीत, हे नेहमी ऐन वेळी कळतं. पगार मर्यादेच्या वर असलेल्यांची कंपनीच्या मेडिक्लेमवर भिस्त असते. पण बहुतेक ग्रुप पॉलिसी फक्त अॅडमिट झाल्यावर पैसे देतात. रोजच्या बीपीच्या गोळीला, दर महिन्याच्या डॉक्टर-फीला त्यात काही मिळत नाही. अशांसाठी जवळचा एखादा फिजिशियन ठरवा, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या बीपी-शुगरच्या ओपीडीची माहिती घ्या, जनऔषधी दुकानाचा पत्ता शोधा. बीपीच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त असतात. माणसं गोळी सोडतात त्यामागे बऱ्याचदा गोळीची किंमत नसते, डॉक्टरकडे जाण्यात बुडणारा दिवस असतो. म्हणून पहिल्या तीन भेटींसाठी अर्धा दिवस पगारी सुटी व्यवस्थापनाकडून लेखी मंजूर करून घ्या. बाकी काही जमलं नाही तरी हे मिळवाच.

पाठपुराव्याला एक माणूस नावानिशी लागतो. ओएचसीची नर्स असेल तर ती, नसेल तर तपासणी करणाऱ्या संस्थेचा आरोग्य सहाय्यक. 'एचआर बघेल' असं मोघम ठेवलं तर ते कुणीच बघत नाही. बजेट मागतानाही तपासणी आणि पाठपुरावा असे दोन वेगळे आकडे मांडा. एकच आकडा दिला की कपात होताना हमखास पाठपुराव्याला कात्री लागते.

'अनफिट' शब्दाची भीती

कामगार तपासणीला येत नाहीत तेव्हा 'आळस', 'अज्ञान' असं म्हटलं जातं. खरं कारण साधं असतं: बीपी निघालं तर क्रेनवरून उतरवतील, ठेकेदार बदली माणूस आणेल, पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही. ही भीती निराधार नाही, त्यामुळे नुसत्या भाषणाने जात नाही. ती घालवायची तर नियमच तसे करावे लागतात.

धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची कायद्यानुसार वैद्यकीय तपासणी होते आणि तिथे फिट-अनफिटचा शेरा असतो. हृदयतपासणी तिच्यात मिसळू नका. वेगळा दिवस, वेगळा फॉर्म, वेगळी फाईल. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची जबाबदारी मालकावर आहे आणि केंद्र सरकारने ती ४० वर्षांवरील कामगारांसाठी असल्याचं सांगितलं आहे. आपल्या कारखान्याला राज्याचे कोणते नियम लागतात ते कायदेसल्लागाराकडून बघून घ्या. पण कंपनीने तपासणी देणं बंधनकारक आहे म्हणून कामगाराचा रिपोर्ट कंपनीचा होत नाही.

संमतिपत्र मराठीत आणि हिंदीत, एका पानात बसवा. त्यावर चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या तपासण्या होणार, निकाल कोण पाहणार, कंपनीला काय कळणार, आणि नको म्हटलं तर काहीही तोटा होणार नाही. कंपनीला फक्त एकूण बेरीज द्यायची: इतक्यांची तपासणी झाली, इतक्यांचं बीपी जास्त निघालं. दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा वेगळा आकडा देऊ नका. पेंट शॉपमध्ये सहाच माणसं असतील आणि 'पेंट शॉप: १' असं लिहिलं, तर तो एक कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. लॅबचे रिपोर्ट एचआरच्या ईमेलवर येणार नाहीत ही अट करारातच घाला. लॅबवाले सवयीने सगळे रिपोर्ट एका झिप फाईलमध्ये घालून, ज्याने ऑर्डर दिली त्याला पाठवतात. गुप्तता मोडते ती बहुतेक वेळा अशीच.

एक अवघड प्रश्न आधीच सोडवून ठेवा. फोर्कलिफ्टवाल्याचं किंवा उंचीवर काम करणाऱ्याचं बीपी २००/११५ निघालं तर? त्या दिवशी त्याला त्या कामावर पाठवता येणार नाही. मग डॉक्टरने 'आज हलकं काम' एवढंच लिहायचं, आजाराचं नाव लिहायचं नाही, आणि त्या दिवसाचा पगार व शिफ्ट अलाउन्स कापायचा नाही. युनियन असेल तर हा मजकूर त्यांना आधी दाखवा. कामगार प्रतिनिधीने सगळ्यांसमोर पहिली तपासणी करून घेतली की निम्मी शंका तिथेच मिटते.

काय तपासायचं, काय नाही

प्रत्येकासाठी एवढं पुरेसं आहे: प्रश्नावली, बीपी आणि नाडी, उंची-वजन, पोटाचा घेर, आणि एकदाच रक्त घेऊन लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वगैरे), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) व हिमोग्लोबिन. बीपी किंवा साखरेचे जे आधीचे रुग्ण आहेत त्यांचं क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) करा.

एचबीएवनसी सुचवण्याचं कारण शिफ्ट. तिसऱ्या पाळीतून सकाळी ७ वाजता सुटणाऱ्या माणसाला 'उपाशीपोटी या' म्हणण्यात अर्थ नसतो. रात्री ३ वाजता त्याने डबा खाल्लेला असतो. एचबीएवनसीला उपास लागत नाही. लिपिडलाही पहिल्या तपासणीत लागत नाही, फक्त ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा करायचं. मात्र रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी फसवतं. लोह कमी असलेल्या माणसात ते खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून त्याच ट्यूबमधून हिमोग्लोबिन करायचं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. तिथल्या कारखान्यांनी प्रश्नावलीत तो प्रश्न घालावा आणि असा माणूस असेल तर उपाशीपोटी साखरेवर भर द्यावा.

सरसकट ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) ही पॅकेजं नाकारा. 'संपूर्ण हृदय तपासणी' या नावाखाली ती विकली जातात. विश्रांतीत काढलेला ईसीजी रक्तवाहिनीत मोठा अडथळा असतानाही नॉर्मल येऊ शकतो, आणि तो कागद खिशात घालून माणूस छातीतली कळ अंगावर काढतो. उलट बाजूने, काहीही त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसाच्या ईसीजीत किरकोळ फरक दिसतो, मग इको, मग अँजिओग्राफीचा सल्ला, आणि शेवटी काहीच निघत नाही, फक्त पैसे आणि झोप जाते. ईसीजी कुणाचा काढायचा? चढताना छातीत दाबल्यासारखं होणाऱ्याचा, नाडी अनियमित लागणाऱ्याचा, आणि डॉक्टरने सांगितलेल्याचा. शिबिराचे पैसे तिथे वाचवून दुसऱ्या बीपी टेबलावर घाला.

प्रश्नावलीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

'तुम्ही धूम्रपान करता का?' असा प्रश्न छापून आणला तर महाराष्ट्रातल्या कारखान्यात जवळपास सगळे 'नाही' लिहितात, आणि ते खोटं नसतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आत होते. तोंडात तंबाखू धरणारे मात्र जवळजवळ चौघांत एक. म्हणून नर्सने तोंडी विचारावं: 'काका, तंबाखू मळता का? दिवसाला किती पुड्या लागतात? सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला बार भरता?' बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचारावं. मिश्री ही तंबाखू आहे असं कित्येकींच्या मनातही नसतं, ती दात घासायची गोष्ट असते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तेव्हा 'गुटखा खाता का?' याला उत्तर मिळणार नाही, 'पुडी कोणती?' याला मिळतं. उठल्याबरोबर बार लागत असेल तर त्या माणसाला नुसता उपदेश पुरणार नाही. समुपदेशन आणि गरजेप्रमाणे निकोटिन गम लागेल. १८०० ११ २३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे, तो क्रमांक निकालाच्या कागदावरच छापा.

बाकी प्रश्न थोडे आणि नेमके असू द्या. वडील-भावाला ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत हार्ट अटॅक? जिना चढताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात दाब येतो आणि थांबल्यावर जातो? कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि आजची घेतली का? घोरणं, दिवसा डुलकी? स्त्रियांसाठी: गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, पाळी कधी थांबली? गरोदरपणातलं बीपी पुढे हृदयाचा धोका वाढवतं, आणि हा प्रश्न पुरुषांसाठी बनवलेल्या फॉर्ममध्ये कधीच नसतो.

दिवस, खोली, माणसं

नवरात्र, श्रावण, रमजान आणि दिवाळीनंतरचे दहा दिवस टाळा. उपास, साबुदाणा, फराळ यांनी साखर आणि ट्रायग्लिसराइड इकडेतिकडे होतात. महिनाअखेर टाळा, कारण डिस्पॅचच्या गडबडीत सुपरवायझर माणूस सोडत नाही. २९ सप्टेंबर नवरात्राच्या जवळ येत असेल तर फलक त्या दिवशी लावा आणि तपासणी दिवाळीनंतरचे ते दहा दिवस उलटल्यावर करा. तिन्ही पाळ्यांना आपापल्या पाळीत, कामाच्या वेळेत तपासणी मिळायला हवी. 'सुटल्यावर थांबा' म्हटलं की कंपनीची बस निघून जाते. रात्रपाळीवाल्यांना सलग पाच रात्री झाल्यावर तपासू नका, पाळी बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांनी घ्या.

आता हिशोब. एका बीपी टेबलावर दोन मोजण्यांसह माणशी ४ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १५. रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाचाही साधारण तोच वेग. ४ तासांत १२० माणसं करायची तर तासाला ३० हवीत: २ बीपी टेबलं, २ तंत्रज्ञ, प्रश्नावलीला २ जण, वजन-घेराला १. बीपी टेबलांच्या आधी पाठ असलेल्या ६ खुर्च्या, कारण मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसणं तिथे होतं. सुपरवायझरला दर २० मिनिटांनी १० माणसांची यादी द्या. सगळ्यांना एकदम सोडलं की रांग लागते, आणि रांगेत उभ्या-उभ्या गप्पा मारून आलेल्या माणसाचं बीपी खरं येत नाही.

खोली कॉम्प्रेसर आणि प्रेस शॉपपासून लांब असावी. कँटीन नको, तिथे तोंडात काहीतरी असतंच. बायकांसाठी पडदा आणि महिला कर्मचारी हवीच. बॉयलर सूट घालणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, आत सैल बाह्यांचा टीशर्ट घालून यायला. सूटची बाही वर सरकत नाही, आणि ओढून वर केली तर दंडाला करकचून बसते.

बीपी: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

यंत्र दंडावरचं, डिजिटल, प्रमाणित मॉडेल घ्या. मनगटावरचं नको. दोन आकारांचे पट्टे हवेतच: नेहमीचा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी आणि मोठा ३२ ते ४२ साठी. लोडिंगला काम करणाऱ्यांचे आणि जाड माणसांचे दंड ३२ च्या वर असतात. छोटा पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त येतं. टेबलावर शिवणटेप ठेवा आणि खांदा ते कोपर यांच्या मधोमध घेर मोजूनच पट्टा निवडा.

माणूस आला की पहिला प्रश्न: लघवीला जाऊन आलात का? भरलेल्या मूत्राशयाने वरचं बीपी १० ने सहज वाढतं. अर्ध्या तासात चहा, तंबाखू झाली असेल तर त्याला शेवटच्या खुर्चीवर परत पाठवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. स्टुलावर बसवून पाय लोंबकळत ठेवणं ही शिबिरांतली नेहमीची चूक. हात टेबलावर असा, की पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्यावर येईल. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा ७-८ ने चढतो. टेबल खुजं असेल तर हाताखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने, पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतकाच घट्ट. आणि मोजताना नर्सनेही बोलायचं नाही. 'गाव कोणतं तुमचं?' एवढं विचारलं तरी आकडा बदलतो.

पहिली मोजणी, १ मिनिट थांबून दुसरी, आणि दोन्हींची सरासरी. दोन्हींत १० पेक्षा जास्त फरक असेल तर तिसरी, मग शेवटच्या दोहोंची सरासरी. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर बघा आणि जिथे जास्त येईल तो हात फॉर्मवर लिहा. मनगटावर बोट ठेवून नाडी अर्धा मिनिट स्वतः बघा. ठोके अनियमित असतील तर डिजिटल यंत्राचा भरवसा धरू नका, तो माणूस थेट डॉक्टरकडे.

दर तासाला नोंदवही चाळा. यंत्राच्या आकड्यात शेवटी ० ते ९ सगळे अंक विखुरलेले दिसायला हवेत. १२०/८०, १३०/८०, १३०/९० अशीच रांग दिसली तर कुणीतरी अंदाजे लिहीत आहे. यंत्र बरोबर आहे, मोजणी झालेली नाही. अशा टेबलाच्या नोंदी रद्द करून ती माणसं पुन्हा बोलवा.

घेर आणि रक्त

पोटाचा घेर पँटच्या पट्ट्यावर मोजत नाहीत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप, माणूस साधा श्वास सोडून उभा, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका धरायचा. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासूनच जास्त वजन मोजतात, पण एकच आकडा घ्यायचा असेल तर घेर घ्या. बारीक हातापायाचा आणि पोट सुटलेला माणूस बीएमआयमधून निसटतो.

लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची आहे का ते पाहा. मान्यता लॅबला सरसकट नसते, ठरावीक तपासण्यांना असते, म्हणून लिपिड आणि एचबीएवनसी त्या यादीत आहेत का हे विचारा. ट्यूब भरण्याचा क्रम: आधी जेलची पिवळी, मग जांभळी ईडीटीए, शेवटी साखर करायची असेल तर राखाडी. राखाडीतल्या फ्लोराइडमुळे साखर टिकते. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी ती खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के घट होते. दुपारी ३ ला गाडी लॅबकडे निघाली तर सकाळी ९ ला घेतलेल्या नमुन्यातला मधुमेही नॉर्मल दिसू शकतो.

बोटातून साखर घ्यायची असेल तर आधी साबणाने हात धुवायला लावा, पुसून कोरडे करा, पहिला थेंब टिपून दुसरा घ्या. बोटाला गूळ, फळ, बिस्किटाचा अंश असला तर साखर खोटी वाढते. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, पावसाळ्यात त्या दमट होऊन बिघडतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना उपाशी ठेवून रांगेत उभं करू नका, त्यांचा नंबर पहिला. टेबलावर ग्लुकोज पावडर हवी. ७० च्या खाली साखर आली तर तीन लहान चमचे पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. बीपीच्या गोळ्या मात्र सगळ्यांनी नेहमीप्रमाणे घेऊन यायच्या.

सुया आणि लॅन्सेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हा कचरा लॅब परत नेणार हे करारात लिहून घ्या, नाहीतर तो कँटीनच्या बादलीत जातो.

आकडा हातात आल्यावर

१८०/११० किंवा त्याहून जास्त आलं तर घाबरवू नका. शांत बसवून १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर, सोबत माणूस देऊन, गाडीने. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काही असेल तर थेट १०८. बीपी पटकन उतरवायला जिभेखाली कॅप्सूल फोडून देण्याची जुनी पद्धत अजून दिसते. ती धोक्याची आहे, बीपी एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

वरचं १६० ते १७९ किंवा खालचं १०० ते १०९: आठवड्याच्या आत डॉक्टर. वरचं १४० ते १५९ किंवा खालचं ९० ते ९९: हा अजून रुग्ण ठरलेला नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी ओएचसीत मोजा, मग ठरवा. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाच्या कपाळी बीपीचा शिक्का मारू नका. एचबीएवनसी ६.५ आणि पुढे असेल तर दुसऱ्या तपासणीने पक्कं करून मधुमेहाचे उपचार, ५.७ ते ६.४ मध्ये आहार-व्यायाम आणि वर्षाने पुन्हा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर गेलं तर ते आनुवंशिक असू शकतं. त्या माणसाच्या भावंडांचं आणि मुलांचंही कोलेस्टेरॉल बघायला सांगा.

चाळिशीच्या पुढच्यांसाठी डॉक्टरने जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा दक्षिण आशियाचा तक्ता वापरावा. वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत मिळतो. त्यात तोंडातली तंबाखू आणि घरातला इतिहास धरलेला नाही, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा.

निकाल सांगायला वेगळा दिवस ठेवा, रिपोर्ट आल्यापासून आठवड्याच्या आत. माणशी ७-८ मिनिटं, बंद दाराआड. कागदावर लॅबची चार पानं नकोत. मोठ्या अक्षरांत तीन ओळी: तुमचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, यातलं काय जास्त आहे, पुढची भेट कोणाकडे, कोणत्या तारखेला. 'डॉक्टरना दाखवा' असं लिहू नका, वार आणि वेळ घालून द्या. सोबत डॉक्टरच्या नावे पाकीटबंद चिठ्ठी, दोन्ही मोजण्यांचे आकडे लिहून. आणि माणसाला परत विचारा: 'दादा, घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?' त्याच्या तोंडून बरोबर आलं म्हणजे पोचलं.

पुढचे तीन महिने

पाठपुराव्याच्या वहीत नावाऐवजी क्रमांक, आणि रकाने एवढेच: पहिला आकडा, डॉक्टरकडे गेले त्याची तारीख, गोळी सुरू झाली का, ६ आठवड्यांचा आकडा, १२ आठवड्यांचा आकडा. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक फोन, पाळी बघून. तारीख चुकलेल्याला 'का गेला नाहीत' असं दरडावू नका, 'काय आडवं आलं' ते विचारा. उत्तरं ठरलेली असतात: सुटी मिळाली नाही, ईएसआयचं कार्ड नाही, 'मला काही त्रासच होत नाही'. पहिली दोन कंपनीने सोडवायची. तिसऱ्यासाठी त्याला ओएचसीत बोलावून पुन्हा मोजा आणि आकडा त्यालाच वाचू द्या. गोळी सुरू होऊन महिन्यात बीपी नॉर्मल आलं की बरेच जण 'बरं झालं' म्हणून ती बंद करतात. हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा: बीपी गोळीमुळे नॉर्मल आहे. सहाव्या आठवड्याच्या मोजणीला गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा, किती उरल्या ते दिसतं.

याच काळात कँटीनच्या ठेकेदाराशी बसा. लोणचं, पापड, फरसाण ताटात आपोआप पडतं ते मागितल्यावर द्यायला लावा. आमटी-भाजीतलं मीठ महिन्याला थोडं-थोडं कमी करा, एकदम केलं तर पहिल्याच दिवशी ओरड होते. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरलं जातं का ते बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची त्यावर टोटल पोलर कंपाउंडची (तेल तापून तयार होणाऱ्या घातक घटकांची) २५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं.

आणि तपासणीत कुणी निसटलंच, किंवा तपासणीआधीच कुणाला अटॅक आला तर? प्रत्येक पाळीत किमान चार जण छाती दाबण्याचं शिकलेले हवेत: छातीच्या मध्यावर, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) घेतलं तर ते कुलपात ठेवू नका, आणि त्याच्या पॅड व बॅटरीची मुदत सेफ्टीच्या मासिक यादीत घाला. अँजिओप्लास्टीची सोय २४ तास असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते आहे का, हे गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. 'गॅस झालाय' म्हणून घाम पुसत बसलेल्या माणसाला स्वतःच्या मोटरसायकलवर घरी पाठवायचं नाही, ही सूचना सुपरवायझरपर्यंत पोचली आहे का ते विचारून खात्री करा.

बाराव्या आठवड्यात व्यवस्थापनासमोर एकच पान ठेवा: किती तपासले, कितींचं बीपी जास्त निघालं, त्यातले किती डॉक्टरकडे पोचले, आणि कितींचं आता १४०/९० च्या खाली आहे. शेवटचा आकडा काढताना आधीच्या तिन्हींतले निसटलेले कोण ते दिसतील. त्यात रात्रपाळी आणि कंत्राटी माणसं जास्त असतील, तर पुढची फेरी रात्री ११ वाजता, त्यांच्या पाळीच्या सुरुवातीला, सुरू करा.